वाचकांचे प्रश्न : इंग्रजीचे प्रांतोप्रांतीचे उच्चार आणि त्यांवरचे राग

या अंकासाठी निवडलेली पत्रे इंग्रजी उच्चारांविषयीची आहेत. जागेअभावी पत्रे आटोपशीर केली असली, तरी त्यांतला मुद्दा आणि रोख बदललेला नाही.

मी मूळची पुण्याची असून सध्या न्यू जर्सीत मुलाकडे राहते. चौथीत शिकणारी नात माझे ‘शेड्यूल’, ‘झेड’ आणि ‘लेफ्टनंट’ हे तिन्ही उच्चार चुकीचे ठरवते आणि मुलगा-सून तिचीच बाजू घेतात. आमच्या शाळेत इंग्रजी फार काटेकोरपणे शिकवत असत. मग चूक नेमकी कोणाची? — एक आजी

आजी, चूक तुमचीही नाही आणि नातीचीही नाही. तुम्ही शाळेत शिकलात ते ब्रिटिश वळणाचे इंग्रजी आणि ती शिकते आहे ते अमेरिकी वळणाचे. ‘शेड्यूल’चीच गोष्ट पाहा. हा शब्द फ्रेंचमधून इंग्रजीत आला तेव्हा त्याचा उच्चार ‘सेड्यूल’च्या जवळचा होता. पुढे विद्वानांनी लॅटिन आणि ग्रीक मुळाशी जुळावे म्हणून त्याचे स्पेलिंग बदलले आणि त्या नव्या स्पेलिंगकडे पाहून दोन देशांनी दोन वेगळे उच्चार रूढ केले. इंग्लंडात ‘श’ स्थिरावला, तर अमेरिकेत कोशकार नोआ वेब्स्टर यांनी ग्रीक मुळाला धरून ‘स्क’चा पुरस्कार केला आणि तोच पुढे सर्वमान्य झाला. म्हणजे तुमच्या घरात ज्या दोन उच्चारांवरून वाद होतो आहे, ते दोन्ही मूळ उच्चारापेक्षा नवे आहेत. अलीकडे ब्रिटनमधली तरुण पिढीही ‘स्केज्यूल’ म्हणू लागली आहे आणि तिथल्या वडीलधाऱ्या मंडळींना त्याचा तुमच्याइतकाच त्रास होतो.

‘झेड’ हे नाव ग्रीक ‘झीटा’पर्यंत मागे नेता येते, ‘झी’ हे नाव ‘बी’, ‘सी’, ‘डी’ यांच्या पंक्तीत बसेल असे घडले. ‘लेफ्टनंट’मधला ‘फ’ इंग्रजीत कसा शिरला यावर अभ्यासकांचे एकमत नाही, परंतु तो मध्ययुगापासूनचा आहे एवढे निश्चित, कारण त्या काळच्या लेखनात ‘फ’ असलेली रूपे सापडतात. भारतीय सैन्याने आणि पर्यायाने मराठी वर्तमानपत्रांनी तोच उच्चार घेतला. अमेरिकेने मात्र ‘लूटेनंट’ पसंत केला.

नातीला तिच्याच परिसरातले एक उदाहरण दाखवता येईल. नदीपलीकडे मॅनहॅटनमध्ये एक रस्ता आहे, त्याचे नाव ‘हाऊस्टन स्ट्रीट’ असे उच्चारतात. टेक्सासमधल्या शहराचे नाव ‘ह्यूस्टन’ असे उच्चारतात. आणि दोहोंचे स्पेलिंग अक्षरशः एकच आहे. एका देशात, एका स्पेलिंगचे दोन शुद्ध उच्चार असू शकतात हे तिच्या लक्षात आले, तर आजीचा ‘झेड’ तिला चुकीचा वाटणार नाही. शाळेत मात्र तिने ‘झी’च म्हणावे, कारण तिथे तिचे म्हणणे त्याच उच्चारात समजणार आहे.

मी लातूर जिल्ह्यात माध्यमिक शाळेत इंग्रजी शिकवतो. एका प्रशिक्षणात आम्हाला बजावण्यात आले की ‘कार’, ‘फादर’, ‘फोर्थ’ या शब्दांतला ‘र’ उच्चारणे हे गावंढळपणाचे लक्षण असून ‘का’, ‘फादऽ’, ‘फोऽथ’ असेच शिकवले पाहिजे. मुलांना ते जमत नाही आणि खरे सांगायचे तर मलाही कृत्रिम वाटते. काय करावे? — एक शिक्षक

सर, ‘र’ निःसंकोचपणे उच्चारा आणि मुलांनाही उच्चारू द्या. ज्या उच्चाराला प्रशिक्षणात गावंढळ म्हटले गेले, तो स्कॉटलंडमध्ये, आयर्लंडमध्ये, कॅनडात आणि अमेरिकेच्या बहुतेक भागांत सुशिक्षितांचा नित्याचा उच्चार आहे. शेक्सपिअरच्या काळातल्या लंडनमध्येही शब्दाच्या शेवटचा ‘र’ ऐकू येत असे. तो गळू लागला तो मुख्यतः अठराव्या शतकात, आणि तोही इंग्लंडच्या आग्नेय भागात. १७९१ मध्ये जॉन वॉकर यांनी आपल्या उच्चारकोशात नोंदवले आहे की लंडनमध्ये ‘कार्ड’सारख्या शब्दांतला ‘र’ इतका घशात जातो की जवळजवळ लांबवलेला ‘आ’च शिल्लक राहतो. ऑस्ट्रेलियात ब्रिटिश वसाहत सुरू झाली १७८८ मध्ये, म्हणजे हा बदल मूळ धरत असतानाच, त्यामुळे तिथल्या इंग्रजीतही तो ‘र’ नाही. उत्तर अमेरिकेतल्या वसाहती त्याआधी दीडशे वर्षांहून जुन्या होत्या, म्हणून तिथे ‘र’ टिकला. बोस्टन, न्यूयॉर्क यांसारख्या, इंग्लंडशी सतत संबंध असलेल्या बंदरांत मात्र लंडनची नवी रीत पोहोचली आणि रुजली.

याच न्यूयॉर्कमध्ये १९६२ साली विल्यम लबॉव्ह या भाषाशास्त्रज्ञाने एक पाहणी केली. प्रशिक्षण देणाऱ्यांना ती ठाऊक असायला हवी होती, म्हणून जरा विस्ताराने सांगतो. त्यांनी तीन मोठी दुकाने निवडली : श्रीमंतांचे सॅक्स फिफ्थ अॅव्हेन्यू, मध्यमवर्गाचे मेसीज आणि स्वस्त मालाचे एस. क्लाईन. प्रत्येक दुकानात जाऊन ते कर्मचाऱ्याला अशा वस्तूचा विभाग विचारत, जो चौथ्या मजल्यावर आहे. उत्तर साहजिकच ‘फोर्थ फ्लोअर’ असे येई. मग नीट ऐकू न आल्यासारखे दाखवून ते पुन्हा विचारत, म्हणजे कर्मचारी तेच दोन शब्द दुसऱ्यांदा, अधिक काळजीपूर्वक उच्चारी. थोडे पुढे जाऊन ते ‘र’ आला की नाही याची नोंद करीत. अशा २६४ कर्मचाऱ्यांच्या नोंदींतून दिसले की सर्वांत महागड्या दुकानात ‘र’ सर्वाधिक ऐकू येतो, मधल्या दुकानात त्याहून कमी आणि स्वस्त दुकानात सर्वांत कमी. जपून बोलताना त्याचे प्रमाण वाढतही होते. लंडनमध्ये ‘र’ गाळणे हे प्रतिष्ठेचे लक्षण, तर न्यूयॉर्कमध्ये ‘र’ उच्चारणे हे प्रतिष्ठेचे लक्षण! ध्वनी तोच, पण तो कोणाच्या तोंडी आहे यावरून त्याची किंमत ठरली. एका ध्वनीवरून लातूरच्या शिक्षकाला कमी लेखणे मला म्हणूनच अन्यायाचे वाटते, आणि प्रशिक्षणात असे शेरे मारले जाऊ नयेत असे माझे स्पष्ट मत आहे.

‘र’ गाळण्याच्या सवयीतून इंग्लंडात आणखी एक प्रकार निर्माण झाला आहे. ‘फार’मधला ‘र’ एकटा असताना गळतो, पण पुढे स्वर आला की ‘फार अवे’मध्ये परत येतो. या सवयीने, जिथे ‘र’ कधी नव्हताच तिथेही तो येऊ लागला : ‘लॉ अँड ऑर्डर’चे ‘लॉर अँड ऑर्डर’, ‘आयडिया ऑफ’चे ‘आयडियर ऑफ’. तिथल्या जाणत्या श्रोत्यांच्या तक्रारींत हा उपरा ‘र’ वर्षानुवर्षे ठाण मांडून आहे. तुमच्या विद्यार्थ्यांकडून ही चूक होण्याचा संभव नाही, कारण त्यांचा ‘र’ जागच्या जागी आहे. त्यांना फक्त ‘र’ नसलेले इंग्रजी ऐकून समजेल एवढा सराव द्या. बोलायला लावू नका.

दूरचित्रवाणीवर अमेरिकी लोक ‘न्यूक्लिअर’ला ‘न्यूक्युलर’ आणि ‘आस्क’ला ‘आक्स’ म्हणताना ऐकतो तेव्हा अंगावर काटा येतो. काही जण तर ‘ऑफन’मध्ये ‘ट’ उच्चारतात. भाषेची ही घसरण कोशकार थांबवत का नाहीत? — कोल्हापूरचे एक सेवानिवृत्त प्राध्यापक

आपला राग मला समजतो, कारण तो भाषेवरच्या प्रेमातून आलेला आहे. तरीही ‘घसरण’ या शब्दाशी मी सहमत नाही, आणि त्याचे कारण इतिहासात आहे. सॅम्युएल रॉजर्स या इंग्रज कवीने एकोणिसाव्या शतकात तक्रार केली होती की ‘कॉन्टेम्प्लेट’ या शब्दात पहिल्या अक्षरावर जोर देणे वाईट आहेच, पण ‘बाल्कनी’त पहिल्या अक्षरावर जोर दिलेला ऐकून आपल्याला मळमळते. त्याच्या लेखी शुद्ध उच्चार होता ‘बल्कोनी’. आज पहिल्या अक्षरावर जोर न दिल्यास लोक चमकून पाहतील. त्याही आधी, १७१२ मध्ये, लेखक जोनाथन स्विफ्ट यांनी ‘डिस्टर्ब्ड’सारख्या रूपांवर कोरडे ओढले होते, त्यांना भूतकाळाच्या प्रत्ययातला स्वर पूर्ण उच्चारलेला, म्हणजे ‘डिस्टर्बेड’, हवा होता. आज तो स्वर कोणीही उच्चारत नाही.

‘आक्स’चे उदाहरण तर अधिकच बोलके आहे. जुन्या इंग्रजीत या क्रियापदाची ‘स्क’ आणि ‘क्स’ अशी दोन्ही रूपे नांदत होती. चौदाव्या शतकातला इंग्रज कवी चॉसर याच्या लेखनात ‘क्स’चे रूप आढळते, आणि १५३५ मध्ये छापल्या गेलेल्या कव्हरडेलच्या बायबलात ‘मागा म्हणजे तुम्हांला दिले जाईल’ या वचनातला ‘मागा’ हा शब्द ‘आक्स’ असाच आहे. म्हणजे आज अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या तोंडी जो उच्चार ऐकून लोक नाके मुरडतात, तो एके काळी धर्मग्रंथाच्या छापील पानावर होता. लगतच्या दोन व्यंजनांची अशी अदलाबदल आपल्याही तोंडी आहेच : ‘नुकसान’चे ‘नुसकान’ आणि ‘डेस्क’चे ‘डेक्स’ कोल्हापुरातही ऐकू येत असतील.

‘न्यूक्युलर’ मात्र नवा आहे. इंग्रजीत ‘सर्क्युलर’, ‘पर्टिक्युलर’, ‘मोलेक्युलर’ असे ‘क्युलर’ने संपणारे शब्द पुष्कळ आणि ‘क्लिअर’ने संपणारे अगदी थोडे, त्यामुळे जीभ ओळखीच्या वाटेने जाते. आयझेनहॉवर आणि जॉर्ज डब्ल्यू. बुश या दोन राष्ट्राध्यक्षांच्या तोंडी हा उच्चार होता. मी विद्यार्थ्यांना तो शिकवणार नाही, कारण आजही बहुसंख्य सुशिक्षित श्रोत्यांना तो खटकतो आणि त्याची झळ विद्यार्थ्यालाच लागते. परंतु त्यावरून बोलणाऱ्याची बुद्धी जोखणे मला मान्य नाही. ‘ऑफन’मधला ‘ट’ स्पेलिंगकडे पाहून परत आलेला आहे आणि तो आता इतका पसरला आहे की अनेक कोश दोन्ही उच्चार देतात.

कोशकारांनी बंदी का घालू नये, या प्रश्नाचे उत्तर असे की लोक ऐकत नाहीत. चलचित्रांच्या ‘जिफ’ या संगणकीय स्वरूपाचे जनक स्टीव्ह विल्हाइट यांनी स्वतः तो उच्चार ‘जिफ’ असाच असल्याचे जाहीरपणे सांगितले, तरी जगातले असंख्य लोक ‘गिफ’ म्हणतच राहिले.

मी हिंजवडीत सॉफ्टवेअर कंपनीत काम करतो. इंग्लंडच्या क्लायंटबरोबरच्या कॉलवर मला दर दोन-चार वाक्यांनी पुन्हा सांगावे लागते. माझे व्याकरण चांगले आहे. अॅक्सेंट बदलण्याचा क्लास लावावा का? — एक अभियंता

अॅक्सेंट बदलण्याची गरज नाही. तीन-चार गोष्टी दुरुस्त केल्या तरी पुरे. त्यांतली सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे शब्दातला जोर, अर्थात आघात. मराठीत आपण प्रत्येक अक्षराला जवळपास सारखेच वजन देतो. इंग्रजीत एका अक्षरावर जोर येतो आणि बाकीची अक्षरे आक्रसतात. ऐकणारा शब्द ओळखतो तो बऱ्याच अंशी त्या जोरावरून. ‘फोटोग्राफ’मध्ये जोर पहिल्या अक्षरावर, ‘फोटोग्राफर’मध्ये दुसऱ्यावर आणि ‘फोटोग्राफिक’मध्ये तिसऱ्यावर असतो, आणि त्याबरोबर स्वरही बदलतात, म्हणजे मधला शब्द ‘फटॉग्रफर’सारखा ऐकू येतो. तुमच्या रोजच्या कामातले शब्द घ्या. ‘डेव्हलपर’ आपण पहिल्या अक्षरावर जोर देऊन म्हणतो; इंग्रजीत तो दुसऱ्यावर, ‘डिव्हेलपर’. ‘कॉम्पोनंट’ हा इंग्रजीत ‘कम्पोनंट’ आहे आणि जोर ‘पो’वर आहे. ‘कॅशे’ असा जो शब्द आपल्या कचेऱ्यांत सर्रास ऐकू येतो, त्याचा उच्चार पैशाच्या ‘कॅश’सारखाच करतात. कॉलवर वारंवार येणारे शब्द लिहून काढा, कोशात प्रत्येकाचा जोर पाहा आणि तेवढेच घोटवा.

दुसरी गोष्ट शब्दारंभीच्या ‘प’, ‘ट’, ‘क’ची. कागदाची एक अरुंद पट्टी ओठांसमोर धरून नेहमीच्या मराठी पद्धतीने ‘पिन’ म्हणा. पट्टी जेमतेम हलेल. इंग्रज माणूस हाच शब्द म्हणतो तेव्हा पट्टी चांगलीच फडफडते, कारण तो ‘प’बरोबर श्वासाचा झोत सोडतो. तो झोत नसला की त्याच्या कानाला तुमचा ‘पिन’ हा ‘बिन’ वाटू शकतो. म्हणून ‘प’चा ‘फ’ करायचा नाही. ओठ उघडताना थोडा श्वास सोडायचा, एवढेच. ‘स्पिन’मध्ये, म्हणजे आधी ‘स’ आला असता, इंग्रजही हा झोत सोडत नाही.

तिसरी गोष्ट ‘व’ची. आपला ‘व’ एक, त्यांचे दोन. ‘व्हेस्ट’साठी खालचा ओठ वरच्या दातांना घासला पाहिजे, ‘वेस्ट’साठी दातांचा संबंध येऊ न देता ओठांचा चंबू करून ‘उ’पासून सुरुवात केली पाहिजे. चौथी गोष्ट ऱ्हस्व-दीर्घाची : ‘शिप’ आणि ‘शीप’, ‘फिल’ आणि ‘फील’ यांत लांबीबरोबर स्वराचा पोतही वेगळा आहे.

बाकीचे सोडून द्या. आपला मूर्धन्य ‘ट’ आणि ‘ड’ ऐकून तुम्ही भारतीय आहात हे कळेल, पण त्याने समजण्यात अडथळा येत नाही. ‘थ्री’मधला दंत्य ‘थ’ही चालतो; अनेक आयरिश लोक तो दाताला जीभ लावूनच काढतात. ‘जास्त’मधला ‘ज’ आपल्याला उपजतच येत असल्यामुळे ‘झीरो’, ‘झोन’ अवघड जात नाहीत, आणि ‘अॅ’ व ‘ऑ’ या स्वरांसाठी तर मराठीने लिपीतच सोय करून घेतली आहे.

मी नागपूरची परिचारिका असून इंग्लंडच्या उत्तर भागातल्या रुग्णालयात नोकरीसाठी प्रयत्न करते आहे. आयईएल्‌टीएस परीक्षेत भारतीय अॅक्सेंटचे गुण कापतात का? आणि तिथले रुग्ण जे बोलतात, ते मला समजेल का? — एक वाचक

भारतीय अॅक्सेंट आहे म्हणून गुण कापले जात नाहीत. बोलण्याच्या परीक्षेत ओघ व सुसंगती, शब्दसंपत्ती, व्याकरण आणि उच्चार असे चार निकष असून चौघांचे वजन समान असते. उच्चारात पाहतात ते बोलणे सहज समजते का, जोर आणि चढउतार नेमके आहेत का. वर अभियंत्याला जे सांगितले ते तुम्हालाही लागू आहे.

दुसऱ्या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर असे की सुरुवातीला पुष्कळसे समजणार नाही, आणि त्यात तुमचा दोष नसेल. आपण पुस्तकांतून शिकतो ते दक्षिण इंग्लंडचे इंग्रजी. उत्तरेत ‘बस’ आणि ‘कप’ हे ‘बुस’ आणि ‘कुप’सारखे ऐकू येतात, ‘बाथ’ आणि ‘ग्रास’मधला ‘आ’ आखूड होऊन ‘बॅथ’, ‘ग्रॅस’च्या जवळ जातो, यॉर्कशरमध्ये ‘द’ हे उपपद नुसत्या घशातल्या अटकावापुरते उरते, लिव्हरपूलमध्ये ‘बॅक’चा ‘क’ घासून उर्दूतल्या ‘ख़’सारखा होतो. हे सारे नियमित आहे, त्यामुळे कान एकदा सरावला की सोपे होते. तिथल्या लोकांनाही आपल्या बोलीसाठी बरेच सोसावे लागले आहे. १९२६ मध्ये बीबीसीने उच्चार ठरवण्यासाठी समिती नेमली आणि पुढे कितीतरी वर्षे बातम्यांत दक्षिणेकडचा एकच उच्चार चालत असे. १९४१ मध्ये हॅलिफॅक्सच्या विल्फ्रेड पिकल्स यांनी यॉर्कशरच्या वळणाने राष्ट्रीय बातम्या वाचल्या, तेव्हा अनेक श्रोत्यांनी संताप व्यक्त केला. आज तेच उच्चार बातम्यांत रोज ऐकू येतात. तुम्ही त्या भागातल्या स्थानिक आकाशवाणीच्या बातम्या इंटरनेटवर आतापासूनच ऐकायला घ्या.

वॉर्डात एका बाबतीत मात्र अजिबात कसूर नको. ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’, ‘थर्टीन’ आणि ‘थर्टी’ या जोड्या कोणत्याही दोन बोलींमध्ये सहज गोंधळतात. औषधाची मात्रा सांगताना किंवा ऐकून घेताना ‘फिफ्टीन, वन फाइव्ह’ असे आकडे सुटे करून पुन्हा उच्चारा आणि समोरच्याकडूनही तसेच वदवून घ्या.

आमच्याकडे बेळगावात बरेच लोक ‘एच’ या अक्षराला ‘हेच’ म्हणतात. हे शुद्ध की अशुद्ध? — एक विद्यार्थिनी

प्रमाण मानला जातो तो ‘एच’, कारण हे नाव ज्या फ्रेंच शब्दावरून आले त्यात ‘ह’चा उच्चार नव्हता. ‘हेच’ म्हणणारे दक्षिण भारताबरोबरच आयर्लंड, ऑस्ट्रेलिया आणि ब्रिटनमध्येही पुष्कळ आहेत. उत्तर आयर्लंडमध्ये सर्वसाधारणपणे प्रोटेस्टंट ‘एच’ आणि कॅथलिक ‘हेच’ म्हणतात, त्यामुळे तिथल्या हिंसाचाराच्या काळात एवढ्या एका अक्षरावरून समोरच्याचा पंथ ओळखला जाई. परीक्षेत आणि मुलाखतीत ‘एच’ म्हणा, आणि फोनवर नावाचे स्पेलिंग सांगताना ‘एच फॉर हैदराबाद’ असे जोडून सांगा, म्हणजे ऐकणाऱ्याला ‘एट’ किंवा ‘एस’ वाटणार नाही.